एक प्रभु, अनेक देवळें

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून आगगाडीनें रोज जा-ये करणाऱ्या लोकांच्या तोंडीं सांताक्रूझ हें नांव दिवसांतून कितीतरी वेळां येतें. परंतु त्या नांवाचा अर्थ काय, हा विचार त्यांपैकीं फार थोड्यांच्या मनांत येत असेल. शब्द पोर्तुगीज भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘पवित्र क्रूस’ असा आहे. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई आणि तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हां साष्टी बेटाबरोबर हा भागहि त्यांच्या अमलाखालीं गेला. पुढें पोर्तुगीज गेले, मराठे आले, मराठ्यांमागून इंग्रज आले आणि तेहि गेले; नांव मात्र राहिलें. कालिना, ज्याचें जुनें नांव कोळेकल्याण, तेथील मरियामातेचें देऊळ आणि जुन्या गांवठाणांच्या नाक्यानाक्यांवर उभे असलेले दगडी क्रूस हे त्याच इतिहासाचे साक्षीदार होत.

या क्रुसांकडे पाहून परक्या माणसाची सहज अशी समजूत होते कीं, ख्रिस्ती समाज म्हणजे एकच एक जमात, एकच एक देऊळ. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुंबईच्या एखाद्या उपनगरांत रविवारीं सकाळीं फिरून पाहिलें तर पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे ईस्ट इंडियन कॅथॉलिक, गोव्याहून व मंगळुराहून आलेले कोंकणी कॅथॉलिक, नगर-नाशिककडून आलेले मराठी प्रॉटेस्टंट, केरळांतून आलेले सिरियन ख्रिस्ती, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट आणि आणखी कितीतरी मंडळ्या आपापल्या देवळाची वाट धरतांना दिसतील. क्रूस तोच, ग्रंथ तोच, प्रार्थना बव्हंशीं त्याच. पण एका देवळांतला मनुष्य दुसऱ्या देवळांतल्या पंगतीला बसेलच असें नाहीं. इ. स. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारें १० लाख ८० हजार भरली; म्हणजे शंभर माणसांत एक मनुष्यहि पुरता येत नाहीं. इतक्या लहान समाजानें इतक्या चुली कां मांडाव्या, आणि त्या एक करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत कोणी, केव्हां व कितपत केले, याचा विचार ख्रिस्ती नसलेल्या सुशिक्षित माणसालाहि उद्बोधक वाटण्यासारखा आहे. कारण पंथ हे कोणत्या धर्मांत नाहींत? शैव आणि वैष्णव यांचे वाद ज्या भूमीनें ऐकले, आणि हरिहरांचें ऐक्य गाणारे संतहि जिनें पाहिले, त्या भूमीला हा प्रश्न मुळींच परका नाहीं.

ख्रिस्ती धर्मांतील मोठ्या फुटी दोन. पहिली इ. स. १०५४ मधील, तीमुळें रोम आणि कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे पश्चिम आणि पूर्व, हीं दोन धर्मपीठें एकमेकांपासून तुटलीं. दुसरी इ. स. १५१७ पासूनची, ती जर्मनींत मार्टिन ल्यूथरपासून सुरू झाली आणि तिच्यांतून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. या दोन्ही फुटी परदेशांत, परक्या राजकारणाच्या आणि परक्या वादांच्या पोटीं जन्मल्या. त्यांचीं फळें मात्र मुंबई, नगर आणि नागपूर येथील माणसांच्या पदरांत पडलीं. हें कसें झालें, तें प्रथम पाहूं.

मुंबईंतला सर्वांत जुना तंटा तर एका पंथाचा दुसऱ्या पंथाशीं असा नव्हताच. तो कॅथॉलिकांचा कॅथॉलिकांशीं होता. इकडील देवळांवर धर्मगुरु नेमण्याचा हक्क पोपनें पूर्वीं पोर्तुगालच्या राजास दिलेला होता; या हक्कास ‘पाद्रोआदो’ म्हणत. पुढें रोमनें धर्मप्रसारासाठीं आपलें स्वतःचें खातें काढलें, तें ‘प्रॉपगँडा’. मुंबई इंग्रजांकडे आल्यावर, पोर्तुगालच्या राजाशीं बांधलेले धर्मगुरु आपल्या बेटावर असावेत हें कंपनी सरकारास रुचेना. इ. स. १७२० मध्यें त्यांना काढून सरकारनें रोमच्या बाजूचे कार्मेलाईट साधु आणले. पुढें पारडें एकदां इकडे, एकदां तिकडे झुकूं लागलें. आणि अखेर इ. स. १७९४ मध्यें सरकारनें भावांच्या वाटणीप्रमाणें मुंबईंतलीं दोन देवळें एका बाजूस आणि दोन दुसऱ्या बाजूस दिलीं. एकाच शहरांत, एकाच श्रद्धेच्या लोकांवर दोन धर्माधिकारी बसले. यालाच ‘दुहेरी अधिकार’ असें म्हणत.

या दुहेरी अधिकारानें माणसामाणसांत किती तेढ आणली, तें माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या प्रकरणावरून दिसतें. इ. स. १८५३ मध्यें तें देऊळ कोणाचें, यावरून भांडण इतकें विकोपास गेलें कीं, रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन हे स्वतः आंत ठाण मांडून बसले, विरुद्ध पक्षानें बाहेर वेढा दिला, आणि सरकारास मध्यें पडावें लागलें. वांद्र्यास आजहि हिल रोडवर सेंट अँड्र्यूज आणि सेंट पीटर्स हीं दोन कॅथॉलिक देवळें एकमेकांपासून चार पावलांवर उभीं आहेत. त्यांपैकीं पहिलें पाद्रोआदोच्या बाजूचें आणि दुसरें जेझुइटांचें, प्रॉपगँडाच्या बाजूचें. दोहोंत मिस्सा तीच, मंत्र तेच, मरियामाता तीच. भेद होता तो चावी कोणाच्या कमरेला, एवढाच.

हा तंटा इ. स. १९२८ मध्यें रोम व पोर्तुगाल यांच्या करारानें मिटला. १३४ वर्षें चाललेल्या या भांडणाचा निकाल मोठा चमत्कारिक होता: मुंबईचा आर्चबिशप पाळीपाळीनें एकदां पोर्तुगीज आणि एकदां ब्रिटिश असावा, असें ठरलें. त्याप्रमाणें प्रथम पोर्तुगीज आर्चबिशप लिमा आले आणि त्यांच्यामागून इ. स. १९३७ मध्यें इंग्रज आर्चबिशप रॉबर्ट्स आले. ज्यांच्या देवळांसाठीं ही पाळी लावली, त्या ईस्ट इंडियन, गोवेकर व मंगळूरकर लोकांचा स्वतःचा मनुष्य या पाळींत कोठेंच बसत नव्हता. ही विसंगति खुद्द रॉबर्ट्स यांच्या ध्यानांत आली. इ. स. १९४६ मध्यें व्हॅलेरियन ग्रेशस या हिंदी धर्मगुरूची साहाय्यक बिशप म्हणून नेमणूक झाल्यावर रॉबर्ट्स यांनीं मुंबईचा कारभार त्यांच्या हातीं मोकळा राहावा म्हणून आपण होऊन बाजूला होणें पसंत केलें. इ. स. १९५० मध्यें त्यांनीं रीतसर पद सोडलें, ग्रेशस मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप झाले, आणि तीन वर्षांनीं हिंदुस्थानचे पहिले कार्डिनल झाले. या प्रकरणाचा एक बोध असा कीं, एकी करण्यासाठीं नुसता करार पुरत नाहीं; कोणीतरी खुर्चीवरून उठावें लागतें.

आतां प्रॉटेस्टंटांकडे वळूं. अमेरिकन बोर्डाचे हॉल आणि नॉट हे दोन मिशनरी इ. स. १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. त्यांच्यामागून इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे आणि स्कॉटलंडचे लोक आले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन इ. स. १८२९ मध्यें आले. विल्सन कॉलेजच्या रूपानें त्यांचें नांव मुंबईच्या चौपाटीवर आजहि आहे. काम वाढूं लागलें तसा हद्दीचा प्रश्न उपस्थित झाला. एकाच गांवांत तीन मिशनांनीं तीन देवळें उभारून नव्या ख्रिस्ती माणसास बुचकळ्यांत पाडूं नये, यासाठीं बहुतेक मिशनांनीं आपसांत प्रदेश वांटून घेतले. अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनकडे, नाशिक चर्च मिशनकडे, कोल्हापूर अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे, नागपूर स्कॉटिश मिशनकडे, यवतमाळ फ्री मेथॉडिस्टांकडे, बारामती ऑस्ट्रेलियन मिशनकडे, अशी ही वांटणी पडत गेली. ती नेहमींच पाळली गेली असेंहि नाहीं. इ. स. १८७० नंतरच्या दशकांत नगर जिल्ह्यांत इंग्लिश चर्चच्या दुसऱ्या एका मिशननें प्रवेश केला, तेव्हां अमेरिकन मिशनशीं बरीच कटकट झाली.

वांटणीचा हेतु चांगला होता. परंतु तिच्यांतून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न झाली. माणसाचा पंथ त्याच्या विचारानें न ठरतां त्याच्या जिल्ह्यानें ठरूं लागला. नगरचा मनुष्य काँग्रिगेशनल. कां, तर तो नगरचा. नाशिकचा अँग्लिकन, कां, तर तो नाशिकचा. कोल्हापूरचा प्रेसबिटेरियन, त्याचेंहि कारण तेंच. इंग्लंडांत ज्या मतभेदांसाठीं लोकांनीं तुरुंग भोगले आणि घरेंदारें सोडून समुद्र ओलांडला, ते मतभेद इकडे पत्त्याच्या ओळीसारखे माणसाला चिकटले. पुढें हींच माणसें नोकरीसाठीं, गिरणीसाठीं, रेल्वेसाठीं मुंबईस आलीं आणि एका चाळींत राहूं लागलीं. भाषा एक, जेवणखाण एक, पुष्कळदां नातींगोतींहि एक; आणि रविवारीं मात्र वाटा निराळ्या. आपण निराळे कां, असें त्यांना कोणी विचारलें असतें तर जन्मगांवापलीकडे दुसरें उत्तर देणें बहुतेकांना जड गेलें असतें.

परक्या घरचें भांडण आपल्या अंगणांत कसें येतें, याचें आणखी एक उदाहरण देण्यासारखें आहे. इ. स. १८४३ मध्यें स्कॉटलंडांतील राष्ट्रीय चर्च फुटलें. देवळाचा पाळक नेमण्याचा अधिकार कोणाचा आणि सरकारची सत्ता चर्चवर कोठवर, हा त्या वादाचा विषय होता. मुंबईच्या ख्रिस्ती मंडळीचा त्या वादाशीं कांहीं एक संबंध नव्हता. तरी डॉ. विल्सन यांनीं नव्या फ्री चर्चची बाजू घेतली आणि जुन्या मिशनची इमारत सोडून त्यांना नव्यानें घडी बसवावी लागली. स्कॉटलंडांतील बहुतेक मंडळी इ. स. १९२९ मध्यें पुन्हा एक झाली. त्यांचें भांडण मिटलें. पण अशा निमित्तांनीं इकडे उभ्या राहिलेल्या भिंती एकदम थोड्याच पडतात!

या स्थितीविरुद्ध पहिला मोठा आवाज मराठी माणसांनींच उठविला, ही अभिमानाची गोष्ट होय. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन चर्चमध्यें झाला. परंतु तेथील भगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यावरून दिसतें कीं, धर्माच्या बाबतींत आपल्या सद्सद्विवेकबुद्धीवर दुसऱ्या कोणाचा ताबा त्यांना मान्य नव्हता. इंग्लंडांत व अमेरिकेंत पंथापंथांचा जो गलबला ऐकूं आला त्यानें आपलें मन कसें गोंधळून गेलें, हेंहि त्यांनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं निरनिराळ्या पंथांच्या आणि निरनिराळ्या देशांच्या लोकांना कामास लाविलें. एका पंथाची पाटी त्या संस्थेवर त्यांनीं लागूं दिली नाहीं. निराश्रित बाईला आसरा देतांना तिचा पंथ विचारीत बसणाऱ्यांचें काम लवकरच आटोपतें, हें त्या जाणून होत्या.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. इ. स. १८९५ मध्यें मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढें अमेरिकन मराठी मिशनमध्यें त्यांनीं बावीस वर्षें काढलीं. त्यांच्या लक्षांत असें आलें कीं, ख्रिस्त पूर्वेकडचा असून तो आपल्याकडे पाश्चात्य पोषाखांत आणि पंथांच्या गांठोड्यासह आला आहे. अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारें त्यांनीं त्याला मराठी वेष दिला. इ. स. १९१७ मध्यें मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. या दरबारांत कोणत्याहि पंथाच्या ख्रिस्ती माणसास जागा होती. इतकेंच नव्हे, तर बाप्तिस्मा न घेतलेल्या परंतु ख्रिस्तावर भक्ति करणाऱ्या माणसासहि होती. इ. स. १९१९ मध्यें टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाहीं. परंतु त्यांचीं पदें टिकलीं. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाच्या द्वारें तीं नगर, नाशिक आणि कोल्हापूर या सर्व ठिकाणच्या मंडळ्यांच्या तोंडीं बसलीं. ज्या मंडळ्या बिशप असावा कीं नसावा यावर एकमेकींशीं वाद घालीत होत्या, त्या टिळकांचें भजन मात्र एकाच चालींत म्हणत होत्या. धर्मसभांना जें साधलें नव्हतें तें एका कवीनें आपल्या परीनें साधलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तिकडे दक्षिणेंतहि हीच हवा वाहूं लागली होती. दोर्नकलचे बिशप अझरय्या यांच्या पुढाकारानें इ. स. १९१९ मध्यें तरंगमबाडी येथें हिंदी ख्रिस्ती पुढाऱ्यांची एक परिषद भरली आणि परदेशीं जन्मलेल्या या भेदांचा भार आपण कां वाहावा, असा सरळ प्रश्न तिनें केला. त्या प्रश्नाचें उत्तर यावयास अठ्ठावीस वर्षें लागलीं. देश स्वतंत्र झाल्यावर सहाच आठवड्यांनीं, इ. स. १९४७ च्या सप्टेंबरच्या २७ तारखेस, मद्रास येथें ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झालें. बिशप असलेलें अँग्लिकन चर्च आणि बिशप नसलेल्या मंडळ्या यांचा असा संयोग जगांत प्रथमच घडला. अझरय्या तो पाहावयास हयात नव्हते.

उत्तरेकडील गाडी अधिक हळू चालली. इ. स. १९२४ मध्यें प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झालें आणि त्यांत नगरकडील मराठी मंडळ्याहि आल्या. इ. स. १९२९ मध्यें लखनौ येथें व्यापक ऐक्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. मसुदे झाले, फेटाळले गेले, पुन्हा झाले. शेवटीं इ. स. १९७० च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस आपल्या महाराष्ट्रांतच, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारांत, सहा चर्चें आपलीं निराळीं नांवें टाकून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या एका नांवाखालीं आलीं. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, हीं तीं सहा होत. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील त्यांचे धर्मप्रांत आजहि चालू आहेत.

एकेचाळीस वर्षें वाटाघाटींत कां गेलीं, असा प्रश्न येथें सहज उद्भवतो. त्याचें उत्तर असें कीं, प्रश्न खरोखरच अवघड होते. पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन व प्रेसबिटेरियन लोक तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करतात. आईबापांची श्रद्धा हीच मुलाची सावली, असें ते मानतात. बॅप्टिस्ट व ब्रेदरन म्हणतात कीं, जो स्वतः समजून विश्वास ठेवतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. अजाण मुलास दिलेला तो बाप्तिस्माच नव्हे. या दोहोंचा मध्य काढावयाचा कसा? कारण येथें अर्धें-अर्धें करतां येत नाहीं. नव्या चर्चनें दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. ज्यांना हवें त्यांनीं तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करावा आणि त्यानें वयांत आल्यावर आपला विश्वास स्वमुखें प्रकट करावा; ज्यांना तें मान्य नाहीं त्यांनीं मूल देवाच्या चरणीं अर्पण करावें आणि तें मोठें झाल्यावर त्याला बाप्तिस्मा द्यावा. शेवटीं दोघेहि एकाच पंगतीला येऊन बसतात. विचार करून पाहिलें तर दिसेल कीं, येथें कोणीहि आपलें मत सोडलें नाहीं. दुसऱ्याची वाटहि त्याच घरीं पोंचते, एवढें मात्र सर्वांनीं कबूल केलें.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. अँग्लिकन म्हणत, प्रेषितांपासून चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेवांचून चर्च नाहीं. प्रेसबिटेरियन म्हणत, वडिलांची सभा हीच खरी सत्ता. काँग्रिगेशनल म्हणत, गांवची मंडळी हीच स्वतंत्र. नव्या घटनेंत तिन्ही गोष्टींना स्थान मिळालें: बिशप राहिला, परंतु तो घटनेनें बांधलेला, सभा राहिल्या, आणि स्थानिक मंडळीसहि आवाज राहिला. त्याहून नाजूक प्रश्न असा होता कीं, ज्यांची दीक्षा बिशपाच्या हातून झाली नव्हती ते पाळक खरे कीं खोटे? त्यांना पुन्हा दीक्षा द्यावी तर त्यांची आयुष्यभराची सेवा खोटी ठरते; न द्यावी तर इतरांच्या मनाला टोंचणी लागते. यावर तोड निघाली ती अशी: सर्व पंथांच्या सेवकांनीं एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावयाची, आणि प्रत्येकाला जें उणें असेल तें देवानें भरून काढावें असें मागावयाचें. कोणाला काय उणें होतें याचा निवाडा माणसांनीं केला नाहीं. भांडणाऱ्या भावांनीं हिशेबाची वही मिटून ठेवावी, असाच हा प्रकार होता.

परंतु या ऐक्याचें नुसतें गुणगान करणें सत्याला सोडून होईल. अमेरिकन परंपरेचें मोठें मेथॉडिस्ट चर्च अगदीं शेवटच्या घटकेस, त्याच १९७० सालीं, बाजूला झालें आणि इ. स. १९८१ मध्यें ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वतंत्र उभें राहिलें. जीं आंत आलीं त्यांच्यांतहि सर्व कांहीं सुरळीत झालें असें नाहीं. गुजराथेंतील ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेवरून निघालेलें भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्या प्रकरणांतील निकाल इ. स. २००५ व २०१३ मध्यें झाले. देवळाखालची जमीन ही फार जड वस्तु आहे. वीस माणसांच्या काळांत पडीक असलेला तुकडा पुढें शहर वाढल्यावर सोन्याच्या मोलाचा होतो, आणि मग तत्त्वाच्या नांवाखालीं सातबाराच्या उताऱ्यासाठीं भांडणें चालतात. जो दोष दीडशें वर्षांपूर्वीं माहीमच्या देवळापाशीं दिसला तोच येथेंहि दिसतो. मनुष्यस्वभाव पंथ पाहून बदलत नाहीं.

राहिला प्रश्न कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांचा. येथें पुन्हा सांताक्रूझचें नांव निघतें. रोममध्यें भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इ. स. १९६४ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेस ख्रिस्ती ऐक्यासंबंधीं आपला निर्णय प्रसिद्ध केला. इतर पंथांतील ख्रिस्ती लोकांस तिनें भाऊ म्हटलें आणि फुटीचा दोष दोन्ही बाजूंकडे येतो हें मान्य केलें. त्यानंतर अकराव्या दिवशीं, डिसेंबरच्या २ तारखेस, पोप सहावे पॉल सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले. मुंबईंत त्या वेळीं अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक परिषद भरली होती. पोपचे पाय हिंदुस्थानच्या भूमीला लागले ते प्रथमच, आणि त्यांच्यामागें ऐक्याच्या त्या निर्णयाची शाई अजून ओली होती.

त्या निर्णयाचे परिणाम सामान्य माणसाच्या घरापर्यंत आले. पूर्वीं कॅथॉलिक मुलानें प्रॉटेस्टंट मुलीशीं लग्न करावयाचें म्हणजे मुलीलाहि लेखी वचन द्यावें लागे कीं, होणारीं सर्व मुलें कॅथॉलिक होतील. इ. स. १९७० मध्यें पोपनें नियम सैल केला. आतां वचन कॅथॉलिक बाजूनेंच द्यावयाचें असतें. दुसऱ्या बाजूला त्याची नुसती माहिती दिली जाते. एका चर्चचा बाप्तिस्मा दुसरें चर्च पूर्वीं संशयानें पाही, आणि माणूस इकडून तिकडे गेला तर सावधगिरी म्हणून पुष्कळदां पुन्हा पाणी ओतलें जाई. तीहि चाल आतां मागें पडली आहे. प्रतिवर्षीं जानेवारीच्या १८ ते २५ या तारखांत ख्रिस्ती ऐक्यासाठीं प्रार्थना-सप्ताह पाळतात आणि त्यांत निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र बसतात. मात्र प्रभुभोजनाची पंगत अजून एक झालेली नाहीं. मिश्र लग्न झालेल्या घरांत नवरा-बायको एका छपराखालीं जेवतात, एकत्र गुडघे टेकतात, आणि वेदीसमोर पोंचल्यावर दोघांपैकीं एकाला थांबावें लागतें. पंथभेदाचें खरें दुःख काय, हें पंडितांच्या ग्रंथांपेक्षां अशा एखाद्या घरांत अधिक स्पष्ट कळतें.

भाषेच्या बाजूनें मात्र कांहीं चांगलीं चिन्हें दिसतात. फादर स्टीफन्स या जेझुइट साधूनें मराठी ओवींत रचलेलें ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें प्रसिद्ध झालें. तीनशें वर्षांनंतर टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हातीं घेतलें आणि त्यांच्या पश्चात् लक्ष्मीबाईंनीं तें पूर्ण केलें. एक कॅथॉलिक, दुसरे प्रॉटेस्टंट. परंतु दोघांनींहि मराठी श्रोत्याची पुराण ऐकण्याची आवड ओळखली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून रमाबाईंनीं केलेलें संपूर्ण बायबलचें भाषांतर त्यांच्या निधनानंतर इ. स. १९२४ मध्यें निघालें. आपल्या काळांत वसईचे कॅथॉलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलें, इ. स. २०१३ मध्यें त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला आणि इ. स. २०२० मध्यें फादर दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांना तो मान देतांना मराठी वाचकांनीं त्यांचा पंथ विचारला नाहीं.

या साऱ्या हकीकतीवरून काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, भेद दिसला म्हणजे त्याचें मूळ शोधावें. पुष्कळदां तें श्रद्धेंत नसून राजाच्या हक्कांत, जिल्ह्याच्या हद्दींत किंवा जमिनीच्या उताऱ्यांत सांपडतें. असे भेद सोडून देण्यांत धर्माचें कांहींच जात नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, जेथें भेद खरोखर श्रद्धेचा आहे तेथें तो झांकूं नये. झांकलेला भेद कुजतो. मोकळेपणानें सांगितलेल्या भेदाला नागपूरप्रमाणें केव्हांतरी दोन दारांचें एक घर बांधतां येतें. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट ही कीं, एकीला किंमत पडते. कोणाला नांव सोडावें लागतें, कोणाला खुर्ची, कोणाला आपलेंच खरें म्हणण्याची जुनी संवय. ज्याला यांतलें कांहींच सोडावयाचें नाहीं, त्यानें ऐक्याचें भाषण करण्याचे श्रम घेऊं नयेत.

योहानाच्या शुभवर्तमानांतील सतराव्या अध्यायांत, मरणाच्या आदल्या रात्रीं आपले अनुयायी एक असावेत अशी येशूनें प्रार्थना केल्याचें वर्णन आहे. ती प्रार्थना दोन हजार वर्षें अपुरी राहिली, ही ख्रिस्ती माणसाला लाज वाटावी अशी गोष्ट असली तरी निराश होण्याजोगी नाहीं. दोन देवळांच्या मधली भिंत पाडणें हें बिशपांचें व धर्मसभांचें काम, आणि तें त्यांच्या गतीनेंच होणार. परंतु शेजारच्या घरीं दुखणें आलें असतां तेथें जाऊन बसणें, त्याच्या नाताळांत आपला हात लावणें, त्याच्या प्रेतयात्रेंत खांदा देणें, यासाठीं कोणत्याहि धर्मसभेच्या ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ज्या गांवांत माणसें एकमेकांच्या दारांतून अशीं ये-जा करूं लागतात, तेथें दोन देवळांच्या घंटा निराळ्या वेळीं वाजल्या तरी कोणाचें फारसें बिघडत नाहीं.